साडूभाऊंचा सूर्यास्त

मी मत्सरी नाही. साडूचं कौतुक झालं की माझं पित्त खवळतं, एवढंच.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नागेशराव. म्हैसूरला त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. माझी सासुरवाडीही तिथलीच, पिढ्यान्पिढ्या. तिथल्या विठ्ठल मंदिराचं कॅलेंडर दरवर्षी सासरे काढतात. वर विठोबा आणि खाली म्हैसूरचा एखादा देखावा. गेली चार वर्षं तो देखावा नागेशरावांचा! तोही मोबाइलवर, गिऱ्हाइकाचे ब्लाउज पोचवायला जाता जाता काढलेला! यंदा मी पुण्याहून नवा कॅमेरा, नवा ट्रायपॉड आणि (बायकोच्या मते) जुनाच जळफळाट घेऊन उतरलो.

"यंदा कुक्करहळ्ळी तळ्यावरचा सूर्यास्त," सासऱ्यांनी फर्मावलं. "दोघंही काढून आणा. चांगला असेल तो लावू."

संध्याकाळी दोघं तळ्याच्या बांधावर पोचलो. नागेशराव म्हणाले, "इथंच उभारा की हो. बरोबर समोर बुडतंय सूर्य. चेन्नागिदे, लई छान दिसतंय!"

इतक्या प्रेमानं जागा कोण दाखवतं? ज्याला आपली फ्रेम चोरायची आहे तो! मी ट्रायपॉड खांद्यावर टाकला. "मला जरा वेगळा अँगल हवाय."

"अय्यो, तिकडं नक्को! तिकडून सूर्य..."

"कळतं हो मला!"

अर्ध्या तळ्याला वळसा घालून, डासांना रक्तदान करत मी पलीकडच्या काठावर गेलो. नागेशराव जिथे नाहीत अशी जागा तर सापडली. सूर्य कुठे आहे हे बघायचं तेवढं राहून गेलं. तो माझ्या पाठीमागे होता! आता परत जायला वेळ नव्हता. मागून येणाऱ्या उन्हात कॅमेऱ्याचा पडदाही दिसेना. शेवटी काळं जॅकेट डोक्यावरून ओढून घेतलं, कमरेत वाकलो आणि समोर होतं ते टिपलं.

समोर होते नागेशराव! सोनेरी उन्हात न्हालेले, हातात मोबाइल घेतलेले. इतके देखणे ते स्वतःच्या लग्नातही दिसले नव्हते.

घरी आल्यावर आधी माझा फोटो बघितला गेला. "आमच्या ह्यांचं असलं फोटो कुणीच काढलं नव्हतं!" म्हणून बायकोच्या ताईनं तो तिथल्या तिथे फ्रेमसाठी मागून घेतला. मग नागेशरावांचा मोबाइल सगळ्यांत फिरला. केशरी आभाळ, केशरी पाणी. पलीकडच्या काठावर एक काळा, वाकलेला ठिपका.

"ही म्हस बघा," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "कसं शांत पाणी पिऊन राहिलंय!"

बायकोनं ठिपक्याकडे पाहिलं, मग माझ्या जॅकेटकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

"हेच कॅलेंडरला!" सासऱ्यांनी निकाल दिला.

"सरी, चालतंय की मामा," नागेशराव नम्रपणे म्हणाले. "पण ते काळं तेवढं बरं दिसत नाही. मोबाइलमध्येच पुसून टाकतो."

"खबरदार!" मी किंचाळलो. "म्हैस राहू द्या!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासऱ्यांचे डोळे पाणावले. "मुक्या जनावरावर किती माया हो जावईबापूंची!"

माया कसली! वर्षभर विठोबाच्या पायाशी एकटे नागेशराव झळकणार, हे मला बघवेना. त्यापेक्षा मला म्हैस होणं परवडलं.