जपानी गाण्यांचा मी लावलेला अर्थ

त्या जपानी गायिकेचं गाणं कुठे लागलं की मी आजही उठून दुसऱ्या खोलीत जाते. तिचा काही दोष नाही. ती बिचारी गाणी स्वतःच लिहायची, चाल स्वतःच लावायची आणि पियानोवर बसून असं गायची की जणू आपल्याच कानाशी बोलतेय. सगळ्या गाण्यांत एकच रडगाणं: कुणीतरी गेलंय आणि कुणीतरी वाट बघतंय. तिच्या देशात म्हणे ती घरोघरी वाजायची. माझ्यापर्यंत पोचली ती कतारला, दोह्यात, नव्वदचं दशक संपता संपता.

मी तिथे एका जपानी कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. मॅनेजरसाहेबांच्या बायकोला इंग्रजी बोलायचा सराव हवा होता, तो मी द्यावा असं ठरलं. शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर गुरुवारी अर्धा दिवस भरला की ऑफिसचा ड्रायव्हर मला अल दुहैलच्या त्यांच्या व्हिलावर सोडायचा. मॅडम माझ्या आईच्या वयाच्या, फार लाजाळू. व्याकरणाचं पुस्तक उघडलं की जांभया देत. मग त्या सीडी लावायच्या, एक ओळ झाली की बंद करायच्या, डिक्शनरीत शब्द शोधायच्या आणि ओळीचा अर्थ मला इंग्रजीत सांगायच्या. हाच आमचा क्लास. एका गाण्याला दोन-दोन गुरुवार जायचे. शब्द सापडला नाही की त्या छातीवर हात ठेवून म्हणत, “हिअर. पेन. बट स्मॉल.” आणि पुढच्या ओळीकडे वळत. सगळं गाणं समजलं की ते कॅसेटवर उतरवून मला देत.

ती गाणी मी दुसऱ्या कॅसेटवर घेऊन वसईला पाठवायची. तिथे माझं लग्न ठरलं होतं. आमच्याच गावाशेजारचा मुलगा, एका शाळेत क्लार्क, देखणा, बोलायला मिठ्ठास. पण ही गोष्ट दोह्यात कुणालाच माहीत नव्हती. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न आधीच गाजावाजा होऊन मोडलं होतं, तेव्हापासून आईची सक्त ताकीद होती: लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार नावं वाचतात, ती वाचली जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, कुणी विचारलंच तर चुलत भाऊ म्हणायचं. तेव्हा दोह्यात चर्च नव्हतं. शुक्रवारी एका व्हिलात मिस्सा, म्हणजे आमची चर्चची प्रार्थना, व्हायची आणि मिस्सा संपली की वसईच्या बायका एकमेकींच्या घरच्या बातम्या अशा काढायच्या की काय सांगू! तिथे शिंकलं तरी गावात कळायचं. म्हणून तो माझा चुलत भाऊ.

कॅसेट भरायचा माझा एक शिरस्ता होता. दोह्याच्या नजमा भागात एका मल्याळी कुटुंबाच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही दोघींनी घेतली होती. मी आणि माहीमची एक नर्स. तिची ड्युटी असली की मी दार लावायची, आवाज येऊ नये म्हणून एसी बंद करायची आणि घामाने निथळत टेपमध्ये बोलायची. आधी माझ्या आठवड्याची हकिकत, मग गाणं, मग “या गाण्याचा अर्थ असा” म्हणून मराठीतला अर्थ. पुन्हा हकिकत, पुन्हा गाणं.

आता खरं सांगते. मॅडम छातीवर हात ठेवून सोडून द्यायच्या, त्या जागा मी माझ्या मनाने भरायची. सुरुवातीला एखादा शब्द, मग ओळीच्या ओळी. ‘तू नसलास की मी दोन कप चहा करते आणि दोन्ही मीच पिते, निवलेला आधी.’ ही माझी. ‘पाटाचं पाणी शेवटच्या केळीला पोचेपर्यंत मी इथून हलणार नाही.’ हीसुद्धा माझीच! लाजच एवढी की असलं काही स्वतःच्या नावावर बोलायला जीभ रेटायची नाही. दुसऱ्या बाईच्या आडून मात्र खुशाल बोलत होते.

त्या वर्षी माझी रूममेट सुट्टीवर निघाली. गल्फमध्ये रीतच होती, ज्याची सुट्टी त्याच्या बॅगेत सगळ्यांचं सामान. पार्सल उघडंच द्यायचं, म्हणजे नेणाऱ्याला शंका नको. आणि नेणाऱ्याने ते नुसतं टाकून यायचं नाही. घरी जाऊन हातात द्यायचं, चहा घ्यायचा, माणूस कसा आहे ते डोळ्यांनी बघून यायचं. मी तिला दुधाची पावडर, साबण आणि कॅसेट दिली. म्हटलं, “माझ्या चुलत भावाला देशील? वेळ काढून बस हं त्याच्याकडे, घाईत येऊ नको.”

बसली. चांगली तीनदा जाऊन बसली. परत आल्यावर म्हणाली, “तुझा कझिन किती सॉफ्ट बोलतो गं!” आणि मी मूर्ख, फुलून गेले. जाड झालाय का, केस कसे ठेवलेत, हसला का, काय काय विचारलं तिला मी! तीही न कंटाळता सांगत राहिली.

त्यानंतर त्याची पत्रं आखूड होत गेली. शाळेत परीक्षा आहेत, इन्स्पेक्शन आहे. मला वाटलं, असेल बाई. माझी पत्रं ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर यायची, रूममेटची तिच्या क्लिनिकच्या. तिला कुणाची पत्रं येतात हे मला कुठून दिसणार?

आठेक महिने गेले. एका शुक्रवारी मिस्सेहून आल्यावर तिने माझ्यासमोर एक पत्र धरलं. “चिडू नको हं. त्याने तुला सांगायचं नाही म्हटलंय, आधी घरी बोलणार आहे तो. पण मला हे मराठी हँडरायटिंग लागतच नाही गं. इतके दिवस कसंतरी जुळवत होते. आज काहीतरी इम्पॉर्टंट आहे, वाचून दाखव ना.”

अक्षर मी पहिल्या शब्दालाच ओळखलं. तरी वाचलं, मोठ्याने वाचलं. कुशल, हवापाणी, आईला तुझ्याबद्दल सांगितलंय वगैरे. आणि मग: ‘तू नसलीस की मी दोन कप चहा करतो आणि दोन्ही मीच पितो, निवलेला आधी.’ त्याच्या खाली पाट, पाणी, शेवटची केळी, सगळं. मेल्याने रतीभरही इकडचं तिकडे केलं नव्हतं.

“केळी म्हणजे बनाना ना?” तिचे डोळे भरले होते. “असं मला कुणी कध्धी लिहिलं नाही.”

“ते मी लिहिलंय!” मी ओरडलेच. “तो माझा कझिन नाही. आमचं लग्न ठरलंय.”

ती हळूच म्हणाली, “तूच सांगितलंस ना कझिन आहे? तेव्हा खोटं बोललीस की आत्ता बोलतेयस?”

ती काही वाईट मुलगी नव्हती, तिच्यावर मला नीट रागावताही येईना. महिन्याभरात तिने दुसरीकडे खोली घेतली. पुढे त्यांचं लग्न झालं. कुणीतरी ‘भावाचं लग्न’ म्हणून मिस्सेनंतर माझं अभिनंदनही केलं, मी अरबीतलं थँक्यू, ‘शुक्रन’, म्हणून सटकले. ते सगळं मी पचवलं. पचलं नाही ते निराळंच आहे.

पत्र वाचलं त्याच दिवशी दुपारी फोनकार्ड घेऊन मी बूथवर गेले आणि त्याच्या शेजाऱ्यांकडे फोन लावून त्याला बोलावून घेतलं. तोंडाला येईल ते बोलले. विश्वासघातकी म्हटलं, नालायक म्हटलं, माझ्या घराण्याची अब्रू घालवलीस म्हटलं. तो ऐकून घेत होता. शेवटी मी म्हटलं, “दुसरी केलीस ती केलीस, पण तिला माझ्याच ओळी लिहिल्यास? लाज नाही वाटली?”

“तुझ्या कुठल्या?” तो म्हणाला. “त्या गाण्यातल्या होत्या ना? त्या जपानी बाईच्या?”

“जपानात केळीच्या बागा असतात? पाटाने पाणी लावतात तिथे?”

तो खरोखर आश्चर्याने, अगदी मवाळ आवाजात म्हणाला, “अगं, मला काय माहीत. मी कॅसेट लावायचो ना, त्यात तू तुझं बोलायचीस तेवढं फॉरवर्ड करायचो. गाण्याचा अर्थ आला की ऐकायचो. फार आवडायचं ते. पाठच झालं होतं मला.”

कार्डावर अजून बरीच मिनिटं शिल्लक होती. तो खोटं बोलत नव्हता, हे मला आवाजावरून कळत होतं. त्याला खरंच आवडलं होतं.