नाला सुटला, ओढा अडकला

सावळीराम पगारे वकिलांनी ब्याऐंशी साली काळा कोट खुंटीला टांगला. उभा जन्म नाशिकच्या कोर्टात जमिनीचे दावे लढवण्यात गेला होता. आता निवांत बसायचं ठरलं होतं. तेवढ्यात अंबडच्या पलीकडून चिमणाबाई आली. रंगाच्या एका कारखान्याचं लाल पाणी नाल्यात सुटत होतं आणि काठावरची तिची विहीर नासली होती. बैलं तोंड लावेनात.

"आमचा नाला तेवढा सोडवा, साहेब."

वकिलांनी फी न घेता प्रांतांकडे अर्ज लावला. तारखांवर तारखा पडल्या, पण शेवटी हुकूम मिळाला: या नाल्यात पाणी सोडायचं नाही. चिमणाबाईने ओल्या शेंगांची पाटी आणून दिली.

दिवाळीनंतर खालच्या गावचा कोंडाजी दारात उभा राहिला. त्याच्या हातातल्या बाटलीत तेच लाल पाणी होतं.

"कारखान्यानं पाइप टाकला, समदं आमच्या वढ्यात येतंय. लोक म्हणले, पगारे वकील लय भारी हायेत, त्यांच्याकडंच जा."

ही तारीफ की तक्रार, वकिलांना उमगेना. साक्षीला येतेस का, म्हणून ते चिमणाबाईकडे गेले. तिने विहिरीचं पाणी पुढे ठेवलं, अगदी नितळ.

"पोराला त्याच कारखान्यात घेतलंय," ती म्हणाली. "आता नका काढू ते."

"आणि कोंडाजीच्या ओढ्याचं काय?"

"माझी हीर नासली तवा कोण आलं व्हतं?"

घरी पत्नी सुमनबाईंनी विचारलं, "घेताय का काम?"

"कोर्टात समोर प्रतिवादी दिसायचा," वकील म्हणाले. "इथे कोण कुणाविरुद्ध, तेच कळत नाही."

तरी घेतलं. या वेळी मागणी केली, की पाणी कारखान्यातच साफ करून मग सोडावं. प्रांत म्हणाले, "हे मागच्या वेळीच का नाही मागितलंत?" वकिलांनी जुना अर्ज काढून पाहिला. पक्षकाराने नाला सोडवायला सांगितलं होतं, त्यांनी नाला सोडवला होता.

तसा हुकूम झाला आणि कारखान्यात पाणी साफ करायचे हौद बांधले गेले. चिमणाबाईच्या पोराची नोकरी टिकली, पण ती बाजारात दिसली की नजर चुकवू लागली. ओढ्याचं पाणी लालचं पिवळसर झालं. कोंडाजीने वकिलांना मुद्दाम काठावर नेलं. गुरं पाणी पीत होती.

"साहेब, आता माणसांनी प्यावं का?"

"थांबा अजून."

"कवापर्यंत?"

वकील वाकून पाण्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.