कुलूपबाई

सर्वेक्षणाला निघालेल्या माणसाला कुलूप लावलेलं घर दिसलं की मनातून बरं वाटतं. तेवढाच एक फॉर्म कमी. आमच्या बाईंचं उलट होतं. कुलूप दिसलं की त्या थांबायच्या, शेजारच्या दारात जाऊन विचारायच्या, "कुठी गेले जी हे? कवा येतीन?" मग पिशवीतल्या वहीत घर, वार आणि वेळ लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी तिथे हजर. तीन फेऱ्या झाल्याशिवाय त्या कुठल्याच घराचा नाद सोडत नसत. आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव कुलूपबाई ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "म्हना ना. मले काय होते?" झालं, पाठीमागे म्हणायची मजाच गेली.

आम्ही चंद्रपूरच्या कॉलेजात समाजकार्य शिकणारी सहा मुलं. आरोग्य संशोधन म्हणजे काय ते शिकायला महिनाभर गडचिरोली जिल्ह्यातल्या एका संस्थेत गेलो होतो. पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवत नमुना निवड, गृहीतक, पूर्वग्रह असं सगळं समजावलं. आम्ही वह्या भरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला कुलूपबाईंच्या हवाली केलं. बाई संस्थेत पर्यवेक्षक होत्या, वैनगंगेच्या काठावरच्या, मार्कंड्याकडच्या, शिक्षण बारावी. मी पदवीला वर्गात पहिली आलेली. खरं सांगते, मला राग आला होता. आता ही बाई आम्हाला संशोधन शिकवणार?

बाईंचा दिवस मिठाच्या पुड्यापासून सुरू व्हायचा. लेकरांची वजनं घ्यायचा काटा त्या रोज सकाळी सपाट जागी ठेवत आणि त्यावर एक किलोचा न फोडलेला मिठाचा पुडा ठेवून आकडा बघत. आकडा थोडा जरी हलला तरी तो काटा त्या दिवशी गावात जायचा नाही. आमच्यातल्या एकीने हसून विचारलं, "बाई, रोज काय बिघडणार आहे?" तर म्हणाल्या, "लेकराले आपन म्हनतो का तू बारीक झालं. काट्याले कोन म्हनते?" त्या दिवसापासून पुडा उचलायचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

विचारण्याचीही त्यांची एक रीत होती. आमच्याकडे संमतीचा छापील कागद असायचा. मी तो रेल्वेच्या घोषणेसारखा वाचून टाकायची. बाई तो बाजूला ठेवत, खाली बसत आणि आपल्या बोलीत सांगत की आम्ही कोण, काय विचारणार, ते कुठे जाणार, आणि नको वाटलं तर बोलू नका. मग गप्प बसून वाट बघत. एकदा एक बाई नको म्हणाली. मी गोड बोलून तिला मनवायला लागले. बाईंनी माझ्या हातातला फॉर्म काढून घेतला. "नाई म्हनते ते. तेबी उत्तरच हाय. लिही आन् चाल." मला ते फार लागलं.

महिन्याच्या शेवटी आमचं स्वतःचं काम होतं. मोठ्या तलावाच्या एका गावात, गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणाला ताप येऊन गेला का, एवढंच विचारायचं. कुणी आपल्या सोयीची घरं निवडू नयेत म्हणून चिठ्ठ्या टाकून चाळीस घरं काढली होती. ही माहिती तालुक्याला जाणार होती. औषध लावलेल्या मच्छरदाण्या आधी कुठल्या वस्तीला द्यायच्या हे त्यावरून ठरणार होतं. माझ्यासाठी हाच अभ्यास परीक्षेचा प्रकल्प होता, आणि गटाची प्रमुख मी होते.

चाळीसपैकी अकरा घरांना कुलूप निघालं. त्याच दिवशी वडशाकडे झाडीपट्टीचं नाटक होतं आणि आम्हा सगळ्यांना ते गाठायचं होतं. मी म्हटलं, त्यांच्याऐवजी शेजारच्या उघड्या घराला विचारू, हाय काय अन् नाय काय. संध्याकाळपर्यंत चाळीस फॉर्म तयार. ताप फारसा नव्हताच. तक्ता कसा सुंदर आला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फॉर्म आणि चिठ्ठ्यांची यादी शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ बोट फिरत राहिलं. "हे अकरा घरं कुठी गेले, पोरी?"

मी सांगितलं. वर हेही म्हटलं की चाळीसचा आकडा पूर्ण आहे.

"आकडा पुरा झाला. गाव नाई झालं पुरं," बाई म्हणाल्या. "मी सही नाई करीन."

त्यांच्या सहीशिवाय प्रकल्प कॉलेजात जाणार नव्हता, आणि आमच्या हातात तीनच दिवस उरले होते. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्हाला संशोधनातलं काय कळतं?" ते वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

बाई शांत होत्या. "नसन समजत. पन या घराईत कोन राह्यते ते समजते."

पुढच्या दिवशी उजाडायच्या आत त्यांनी आम्हाला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर नेलं. ती अकरा घरं ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, पाळीला लागून असलेली. पुरुष अंधारातच पाण्यात उतरलेले, बायका टोपल्या घेऊन काठावर. मासोळी निघाली की ती घेऊन त्या बाजाराला जात आणि दिवस मावळताना परतत. दिवसा फॉर्म घेऊन फिरणाऱ्याला हे लोक कधीच सापडणार नव्हते. आणि डासांना मात्र ते रोज पहाटे सापडत होते. बाईंनी पदर खोचला, जाळं ओढायला हात लावला आणि काम आटोपल्यावर एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. एक बाई थंडीने कुडकुडत टोपलं बांधत होती. तिला मी ताप आहे का विचारलं तर म्हणाली, "ताप त आहेच. मासोळी थांबते काय त्याच्यासाठी?"

त्या अकरा घरांत तापाशिवायचं घर शोधावं लागलं. माझा सुंदर तक्ता उलटापालटा झाला. मी शेजाऱ्यांचे ते अकरा फॉर्म फाडायला घेतले तर बाईंनी हात धरला. "फाडू नोको. हेबी लिहाचं. पयले आमी काय केलं, मंग काय निंगालं."

"बाई, मार्क जातील माझे."

"जातीन," बाई म्हणाल्या आणि सही केली.

कॉलेजात प्रकल्प मांडायच्या दिवशी मी त्यांना बोलावून घेतलं. आधार म्हणूनच, दुसरं काय. एसटीने आल्या, इस्त्रीचं लुगडं नेसून शेवटच्या बाकावर बसल्या. मी दोन्ही तक्ते दाखवले आणि पहिला तक्ता माझी चूक आहे, ती नाटकाच्या घाईत केली आहे, असं सरळ सांगून टाकलं. मागून कुणीतरी हसलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला. "ही चूक धरली कुणी?"

मी मागे हात केला. बाई उभ्या राहिल्या.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"मी ढिवराचीच पोरगी आहो जी," बाई म्हणाल्या. "लहानपनी आमच्या गावात सर्वेवाले येत. आमी सारे नदीवर. घरी आल्यावर शेजारी सांगत, का येऊन गेले मनून. माह्याहून लहान भाऊ होता, तापानं गेला. गावात ताप नाई असं लिहून गेले होते ते."

आणि त्या खाली बसल्या. परीक्षकांनी मुखपृष्ठ पाहिलं, मार्गदर्शकाच्या जागी आमच्या सरांचं नाव छापलेलं होतं. सर स्वतः उठले आणि खाली पेनाने बाईंचं नाव लिहिलं. माझे मार्क गेले नाहीत. गेले असते तरी त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नसतं.

पावसाळ्याच्या तोंडावर बाईंचा फोन आला. मच्छरदाण्या आल्या होत्या. "पाळीवरच्याईले पयले देल्ल्या, पोरी," त्या म्हणाल्या.

बाई जाऊन आता तीन वर्षं झाली. मी त्याच कॉलेजात हा विषय शिकवते. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम, तुम्ही संशोधन कुणाच्या हाताखाली शिकलात? मोठ्या शहरातलं एखादं नाव येईल म्हणून मुलं पेन सरसावून बसलेली असतात. मी मान वर करून सांगते, वैनगंगेकाठच्या एका ढिवराच्या मुलीकडे, बारावी पास. आणि फळ्यावर त्यांचं पूर्ण नाव लिहिते.