एका वेळी एकच: ब्लू लेकच्या उतारावर

ऑस्ट्रेलियात बर्फ पडतो, हे पुण्यात सांगितलं की अजूनही लोक माझ्याकडे संशयाने बघतात. त्या बर्फाचा कडा कोसळून माणूस गाडला जाऊ शकतो, हे सांगितलं की ऑस्ट्रेलियन लोकही तसंच बघतात. म्हणून नव्वदच्या दशकातली ही आमची ट्रिप इतक्या वर्षांनी लिहून काढते आहे. तुमच्यापैकी कोणी लिफ्ट आणि माणसांची गर्दी सोडून मोकळ्या डोंगरात स्कीइंगला जायचं ठरवत असेल, तर आधी हे वाचा.

जायचं ठरवलं ते नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. कॉलेजात असल्यापासून तो सह्याद्रीत ट्रेक लीडर. सिडनीला, क्वेकर्स हिलमध्ये घर घेतलं तरी त्याचे पाय काही घरात टिकेनात. चार हिवाळे आम्ही रिसॉर्टच्या उतारांवर पडत-धडपडत स्कीइंग शिकलो आणि पाचव्या वर्षी साहेबांनी जाहीर केलं, "लिफ्टने वर जायचं, घसरत खाली यायचं, हा काय डोंगर झाला का?" सोबतीला त्याचा ऑफिसमधला जोसेफ. तो वसईचा, बोलायला गोड आणि चालायला दणकट. मी एकच अट घातली, गाइड हवी. ती मिळाली, केरी नावाची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी. दोन दिवसांचे तिचे पैसे ऐकून नितीनचा चेहरा उतरला होता, तो मी तेव्हा मनसोक्त पाहून घेतला.

शुक्रवारी रजा टाकून सकाळीच निघालो. ह्यूम हायवे, मग कॅनबेरा, तिथून कूमा आणि डोंगराच्या पायथ्याचं जिंडबाइन. मधल्या थांब्यांसकट अख्खा दिवस धरा. पेट्रोल कूमाला भरून घ्या, पुढे महाग होतं. बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्याही तिथेच भाड्याने मिळतात आणि पुढे नॅशनल पार्कात त्या नसतील तर दंड होतो. मी पेंडल हिलच्या देशी दुकानातून चिवडा घेतला होता आणि घरून तिखटमिठाच्या पुऱ्या. हॉटेलात जेवायची वेळच आली नाही. जिंडबाइनला पोचलो तेव्हा वारा इतका होता की गाडीचं दार उघडायला दोघे लागले. तीन दिवस बर्फ पडत होता आणि पश्चिमेचा वारा तो उचलून डोंगराच्या पलीकडे टाकत होता.

शनिवारी वारा पडला, लख्ख ऊन. गुथेगा या छोट्या रिसॉर्टजवळच्या एका सौम्य उतारावर केरीने आमची शाळा घेतली. तिने प्रत्येकाच्या गळ्यात एक ट्रान्सीव्हर अडकवला, म्हणजे बर्फाखालून सिग्नल देणारं आणि दुसऱ्याचा सिग्नल पकडणारं छोटं यंत्र. जोसेफने ते सॅकमध्ये ठेवलं, तर तिने ते काढून त्याच्या जॅकेटच्या आत कोंबलं. "सॅक वाहून गेली, तर मला सॅक सापडेल, मेट," एवढंच म्हणाली. मग फावडं, बर्फात खुपसून खालचा माणूस शोधायची लांब सळई आणि नियम. वाऱ्याने बर्फ आणून टाकलेला उतार सर्वांत वाईट. वर कडेला बर्फाचा छज्जा पुढे आलेला असेल तर त्याच्याखाली रेंगाळायचं नाही. उतार एका वेळी एकानेच ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून बघायचं.

हा शेवटचा नियम नितीनच्या घशाखाली उतरेना. सह्याद्रीत तो नेहमी रांगेच्या शेवटी असायचा आणि त्याची आरोळी एकच असायची, "गॅप भरा, गॅप भरा!" कोणी मागे राहायचं नाही, कोणाला एकटं सोडायचं नाही. ज्यांनी ज्यांनी तिकडे ट्रेक केलेत, त्या सगळ्यांच्या अंगात हे मुरलेलं आहे.

"अँड इफ समवन फॉल्स?" त्याने विचारलं.

"तो उठेल. तू जागेवर थांबशील," केरी म्हणाली.

"हे काय, माणुसकी नाही का काही?" नितीन मराठीत पुटपुटला. जोसेफ हसला. मीही हसले.

शेवटी तिने माझ्यावर एक काम सोपवलं. कोणी बर्फात वाहून गेलं, तर तो शेवटचा जिथे दिसला त्या जागेवर नजर रोखून उभं राहायचं. हलायचं नाही, काठीने जागा दाखवत राहायचं. नजर एकदा सुटली की सगळा उतार सारखाच पांढरा दिसतो. शोधणाऱ्याला सुरुवात कुठून करायची, हे त्या एका माणसामुळे कळतं.

रविवारी सकाळी स्नोई नदीवरचा छोटा पूल ओलांडून ब्लू लेक या तळ्याच्या दिशेने निघालो. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या की चढावर मागे घसरायला होत नाही, पण मांड्या अक्षरशः भरून येतात. आजूबाजूला चिटपाखरू नाही. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि तरी माझा हात सकाळपासून सारखा जॅकेटातलं यंत्र चाचपत होता. केरी सारखी थांबून काठी बर्फात खुपसत होती. दोनदा तिने ठरलेली वाट बदलली. तिसऱ्यांदा मात्र एक आखूड उतार ओलांडण्यावाचून इलाज नव्हता. वर छज्जा नव्हता, पण उतार पूर्वेकडचा होता, वाऱ्याने भरलेला.

"एका वेळी एकच," ती म्हणाली. "आणि मध्ये थांबायचं नाही."

ती पलीकडच्या खडकांपाशी पोचली. मग मी. पायाखालचा बर्फ पोकळ वाजत होता, वाळक्या भोपळ्यावर टिचकी मारावी तसा. पोचले आणि मागे वळले. जोसेफ निघाला, अर्ध्यात आला आणि पडला. त्याची एक स्की निसटून थोडी खाली जाऊन रुतली.

"टेक युअर टाइम, जो," केरी ओरडली. "नितीन, स्टे देअर."

नितीन निघाला होता. मला त्याच्या खांद्यांवरूनच कळलं की तो ऐकणार नाही. "अरे, पडलाय तो!" एवढं त्याचं ऐकू आलं. मी दोनदा "थांब" म्हणून ओरडले. तो जोसेफपाशी पोचला, त्याची स्की काढून दिली, पाठीवर थोपटून त्याला पुढे पाठवलं. जोसेफ आमच्यापासून थोड्याच अंतरावर आला असेल, तेवढ्यात घरात वरच्या मजल्यावर कपाट पडावं तसा एक बसका आवाज आला. नितीनच्या डोक्यावर, उताराच्या वरच्या भागात, एक रेघ उमटली आणि उतार चालायला लागला.

तो मला दिसत होता. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग एक हात. मग एका काळ्या दगडाच्या जरा खाली तो हातही नाहीसा झाला. जोसेफ गुडघ्यांवर फेकला गेला होता, पण वाचला होता. तो लगेच मागे वळला.

"जोसेफ, हलू नकोस," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

केरी वर बघत होती, आणखी काही सुटून येईल का, ते. मी त्या दगडाच्या खालच्या जागेवर नजर रोखून काठी धरली होती. माझा नवरा बर्फाखाली होता आणि मी एक पाऊल उचललं नाही. त्याच्या नावाने टाहो फोडावा, धावत जाऊन नखांनी उकरावं, असं माझं सगळं शरीर सांगत होतं. पण मी पापणीसुद्धा हलवली नाही. नजर हलली की नितीन गेला, एवढंच मला कळत होतं.

"पॉइंट," केरी म्हणाली.

"त्या दगडाखाली. डावीकडे. सरळ खाली जा."

ती काठीच्या रेषेत गेली. तिच्या यंत्राचा टिकटिकाट आधी तुरळक, मग भराभर ऐकू येऊ लागला. तिने सळई खुपसली, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि हात वर केला. तेव्हा कुठे आम्हाला हलायची परवानगी मिळाली. जोसेफ आणि मी फावड्यांनी वेड्यासारखं खणलं. आधी निळं जॅकेट दिसलं, मग चेहरा. ओठ जांभळे. केरीने त्याच्या तोंडातला बर्फ काढला आणि तो खोकला.

पहिले शब्द, "जोसेफ कुठाय?"

त्या क्षणी मला त्याला पुन्हा पुरावंसं वाटलं. मग मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सोडलंच नाही.

त्याचा गुडघा गेला होता. स्कीजना स्कीज बांधून केरीने घसरगाडी केली आणि आळीपाळीने ओढत आम्ही गुथेगाला आलो. जिंडबाइनच्या डॉक्टरांनी पाय बांधून दिला आणि सिडनीत दाखवायला सांगितलं. केरीने निघताना मला घट्ट मिठी मारली. नितीनशी तिने फक्त हात मिळवला.

परतताना गाडी मी चालवली. जोसेफ मागे झोपला होता. कूमाच्या बेकरीबाहेर गाडी उभी करून आम्ही गरम पाई, म्हणजे खिमा भरलेले पॅटिस, खात होतो, तेव्हा नितीन समोर बघतच म्हणाला, "आत शिरल्यावर काही दिसत नव्हतं, हातही हलवता येत नव्हता. मी तुझ्या हाकेची वाट बघत होतो. तुझा आवाजच आला नाही."

मला इतकं लागलं ते. हातातला पॅटिस तसाच गुंडाळून ठेवला आणि गाडी सुरू केली. सिडनीपर्यंत आम्ही रस्त्याशिवाय कशाबद्दलही बोललो नाही.

तुम्ही जाणार असाल तर जा. तो डोंगर खरंच डोळ्यांत मावत नाही. पण आधी असा कोर्स करा, यंत्र अंगावर बांधा, वाऱ्याने भरलेल्या उतारापासून दूर राहा, आणि आपल्याकडच्या ट्रेकची सवय घरी ठेवून जा. "इथे काही होत नाही, नो वरीज," असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना हसून नमस्कार करा.

पुढच्या रविवारी पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. नितीनने गुडघ्याचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती, पण जोसेफच्या बायकोकडून बातमी फिरत फिरत तिकडे पोचली होती. त्यांनी सगळं माझ्याकडून वदवून घेतलं.

"तू लगेच धावली असशील ना गं?"

"नाही आई. मी जागेवरच उभी होते."

"नवरा बर्फाखाली, आणि तू उभी राहून बघत होतीस?"

सोफ्यावर पाय लांब करून बसलेल्या नितीनने फोनसाठी हात पुढे केला.

"आई," तो म्हणाला, "धावत मी गेलो होतो. ती उभी राहिली, म्हणून आज तुझ्याशी बोलतोय."

मग माझ्याकडे न बघता तो आईला गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगायला लागला. मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि त्या उतारापासून अडवून धरलेलं सगळं रडून घेतलं.