नोनाला इंग्रजी येत नव्हतं

आमच्या सातासमुद्रापलीकडच्या पार्सिपनीत मराठी जिवंत ठेवण्याचं काम मृणालिनीताईंकडे आहे. दर रविवारी सकाळी त्यांच्या बेसमेंटमध्ये पंधरा-वीस मुलं चटईवर बसतात, डोळे मिटून गणपतीस्तोत्र म्हणतात, आणि मग ताई नागपूरच्या एम.ए.च्या खणखणीत आवाजात सुरू करतात, "चिल्ड्रन, टुडे वुई विल लर्न 'घर'. घर मीन्स हाऊस. रिपीट आफ्टर मी!"

मुलं रिपीट करतात. वर्षभरात घर, झाड आणि मांजर होतं. गणेशोत्सवात मुलं तेवढं स्टेजवर म्हणून दाखवतात, ताईंना मंडळातर्फे शाल-श्रीफळ मिळतं आणि भाषेच्या सेवेवर त्या चार शब्द बोलतात. तेही निम्मे इंग्रजीत, कारण मुलांना कळायला हवं. आमचा संजीव तीन वर्षं जातोय. परवा त्याने मांजराला झाड म्हटलं, पण उच्चार अगदी शुद्ध होता, हे मी देवासमोर सांगेन.

ताईंची स्वतःची मुलगी विनीता. वीस वर्षांची, कॉलेजात, पुढे डॉक्टर व्हायचं ठरलेलं. गुणी पोर, पण आईशी मराठीचं एक वाक्य बोललेली आठवत नाही. ताई विचारणार, "जेवलीस का गं?" ती सांगणार, "येस मॉम, आय एट." घर सुरळीत चाललेलं. फक्त एकदा देवळातून येताना गाडीत ताई मला म्हणाल्या, "अहो, बोलते ती माझ्याशी, नाही असं नाही. पण मला वाटतं मी बँकेत काउंटरवर उभी आहे. नम्रपणे, हवं तेवढंच."

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात विनीताने जाहीर केलं की तिला एक सेमिस्टर ॲब्रॉड करायचंय. तिचे वडील चंद्रशेखरराव चक्रावले. "आपण ॲब्रॉडच आहोत की! आता अजून कुठे जायचं?"

पण जागा निघाली स्वित्झर्लंडमधली. स्वित्झर्लंड म्हटल्यावर विरोध मावळला आणि आठवड्याभरात सगळ्या मंडळाला कळवून झालं. त्या देशाच्या दक्षिण टोकाला, तळ्याकाठच्या एवढ्याशा गावात ती राहणार, तिथे सगळे इटालियन बोलतात, आणि तेवढ्यापुरती डॉक्टरकी बाजूला ठेवून चर्चच्या भिंतींवरची जुनी चित्रं शिकणार, हे बारकावे सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

डिसेंबरात ती परत आली. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार नेमका ख्रिसमसला आला होता. ताईंकडे महालक्ष्मीचं उद्यापन, आम्ही सगळ्याजणी हळदीकुंकवाला जमलेल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. विनीताने धावत जाऊन घेतला आणि जी इटालियन सुरू झाली! हातवारे, हसणं, मध्येच लटकं भांडण, फोनच्या वायरीत दोनदा गुरफटणं. शेवटी रिसीव्हरचा मुका.

"अगंबाई, चार महिन्यांत एवढं?" शैला म्हणाली.

विनीताने खांदे उडवले. "नोना डझन्ट स्पीक इंग्लिश."

नोना म्हणजे तिकडे आजी. जिच्या घरी ही राहिली, ती सत्तरीची एल्विराबाई. हिने इंग्रजीत काही मागितलं की म्हातारी छान हसायची आणि काही द्यायची नाही. पाव हवा तर तिच्या भाषेत मागा, नाहीतर घडला उपास. पहिल्या आठवड्यात विनीताला बरेच उपास घडले म्हणे, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

मला राहवलं नाही. "मग आईशी का नाही गं बोलत?"

"ओह, मॉम अंडरस्टँड्स एव्हरीथिंग," ती म्हणाली. अगदी कौतुकाने म्हणाली.

ताई माझ्या कपाळाला कुंकू लावत होत्या. ते नाकापर्यंत आलं.

दुसऱ्या दिवसापासून ताईंना इंग्रजी येईनासं झालं. विनीताने गाडीच्या किल्ल्या मागितल्या. "काय गं? मला नाही कळलं." चंद्रशेखरराव मदतीला धावले, "अहो, ती किल्ल्या—" "तुम्ही मध्ये बोलू नका." पोरगी तीन दिवस घराबाहेर पडली नाही. चौथ्या दिवशी तिने "किल्ली दे" म्हटलं, तेही असं की दुसऱ्या कुणाच्या मुलीने तिच्या आईला म्हटलं असतं तर आम्ही वर्षभर बोललो असतो. ताईंनी किल्ली दिली आणि संध्याकाळी पेढे वाटले.

वर्गातही तोच नेम. रविवारी बेसमेंटमध्ये अवाक्षर इंग्रजी नाही. लगेच वर्गातल्या एका मुलाचे वडील, डॉक्टर प्रतापराव, भेटायला आले. "ताई, मुलं घाबरली आहेत हो. सगळं मराठीतच बोलणार असाल, तर मराठीच्या क्लासला पाठवायचं कशाला?" पुढच्या रविवारी निम्मी चटई रिकामी.

जानेवारीत मी प्रसाद द्यायला गेले, तेव्हा विनीता फ्रिजला टेकून उभी होती. कॉलेज सुरू व्हायला दोन दिवस होते. तिने एक मोठा श्वास घेतला.

"आई, मला समरमध्ये परत जायचंय. नोनाचा गुडघा ऑपरेशन आहे. ती एकटी आहे. मी तिच्याकडे राहणार."

इतकी वाक्यं, एकापुढे एक, मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकली. ताईंनीही. पण डोळे भरून यायच्या आधी त्यांना अर्थ कळला. समरमध्ये विनीताचं हॉस्पिटलातलं काम ठरलेलं होतं.

"नो! ॲब्सोल्यूटली नॉट! यू हॅव अ करिअर टू थिंक—"

"आई," विनीता शांतपणे म्हणाली, "मराठीत."

इंग्रजीत ताईंचं म्हणणं तयार होतं; मराठीत शब्द शोधताना भलतेच पुढे आले. "का गं, मूलबाळ नाही का तिला?"

"मुलगा आहे. दूर आहे. फोन पण नाही करत."

"अरे देवा. आणि घरात जिने किती?"

"खूप. आणि बाथरूम वर."

ताई खुर्चीवर बसल्या. मी प्रसादाची वाटी ओट्यावर ठेवली; दोघींपैकी कुणी पाहिलं नाही.

"ऑपरेशन कधी आहे?"

"जूनमध्ये."

"मग जूनमध्ये जाऊन काय उपयोग? आधी बिछाना खाली आणावा लागतो, चार दिवसांचं करून ठेवावं लागतं. परीक्षा झाली की मेमध्येच नीघ."