आमच्या लॅबमधला लघुग्रह

आमच्या लॅबमध्ये धूळ साठू देत नाहीत, त्यामुळे किस्सेच साठतात. चहाला मित्र भेटले की विचारतात, "काय रे, तुमचा तो दगड काय म्हणतोय?" मग मी सुरू होतो, आणि बायको घरून फोन करेपर्यंत थांबत नाही.

आधी दगडाबद्दल सांगतो. जपानच्या यानाने एका लघुग्रहावरून थोडी माती उचलून आणली होती. त्यातला एक कण अभ्यासासाठी आम्हाला मिळाला. एक कण! मिठाच्या खड्याहूनही बारीक. उपनगरातल्या, कांजूरमार्गच्या विद्यापीठाचा तळमजला, सरकारी अनुदानातून घेतलेली मशीन्स, आणि माणसं तीन. लॅबच्या प्रमुख सावंत मॅडम, भांडुपच्या. पीएचडी करणारा नचिकेत, मुलुंडचा. आणि मशीन्स सांभाळणारा मी, घाटकोपरचा. जगातल्या मोठमोठ्या लॅब रांगेत उभ्या असताना तो कण आमच्याकडे आला, हे मी आजही पहिल्या भेटीतच लोकांना सांगून टाकतो. शेखी म्हणा हवं तर!

* * *

कण मिळाल्याची बातमी मॅडमनी सगळ्यात आधी आईला सांगितली. मॅडमचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आईने खानावळीचे डबे करून मुलीला शिकवलं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"म्हणजे सरकार तुका दगड बघूक पैशे देता?"

"होय गो आये. लोकांचेच पैशे."

आईने लगेच बजावलं,

"मगे नीट बघ!"

आमच्या लॅबचं ध्येयवाक्य तेच आहे. नचिकेतने ते छापून दाराला लावलंय. पाहुणे विचारतात, ही कोणती भाषा? मॅडम सांगतात, "खगोलशास्त्राची."

* * *

विद्यापीठाचा नियम असा की अनुदानातून आलेली प्रत्येक वस्तू ऑडिटरने डोळ्यांनी पाहायची आणि तिच्यावर रंगाने नंबर टाकायचा. खुर्चीवर नंबर, कपाटावर नंबर, पंख्यावर नंबर. ऑडिटरसाहेब आले, यादी काढली आणि म्हणाले, "लघुग्रहाचा नमुना, नग एक. दाखवा."

नचिकेतने त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "यावर नंबर का नाही टाकला?"

मॅडम म्हणाल्या, "टाकते की. ब्रश तुम्ही द्या!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी परत एकदा डोळा लावला, या वेळी जास्तच वेळ. उठले आणि शेऱ्यात लिहिलं, 'वस्तू समक्ष पाहिली. लहान आहे.' जाताना दारात थांबून मला म्हणाले, "सर्व्हिसमध्ये खुर्च्याच मोजल्या हो. आज पहिल्यांदा काहीतरी पाहिलं."

* * *

कण ठेवला होता त्या क्लीन रूममध्ये कशालाच परवानगी नाही. पावडर नाही, अत्तर नाही, गजरा नाही, काजळ नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट. नवरात्रात अख्ख्या मुंबईत नऊ रंग असतात, आमच्याकडे नऊही दिवस पांढरा! मॅडमना सूटवर एक केस दिसला तरी माणसाची वाट लागली समजा.

एकदा नचिकेतचं महिनाभराचं मोजमाप चुकलं. बिचारा आतच, मायक्रोस्कोपवर डोकं टेकून रडायच्या बेताला आला. मॅडमनी त्याचा दंड धरला आणि दाराकडे नेलं.

"बाहेर जाऊन रड रे. आत चालत नाही."

मला वाटलं, किती कठोर बाई! पण बाहेर काचेतून पाहिलं तर मॅडम त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या आणि त्याची आकडेमोड पहिल्यापासून तपासत होत्या.

खंडेनवमीला वेगळीच पंचाईत. मशीनची पूजा तर हवी, पण कुंकवाचा कण जरी आत गेला तरी पुढे महिनाभर आमच्या लघुग्रहावर कुंकू सापडत राहणार! मग मॅडमनी तोडगा काढला. मशीनचा मोठा फोटो बाहेर टेबलावर ठेवला, त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, समोर उदबत्ती. दसरा झाल्यावर मशीनच्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर बोरिवलीहून आला. हार घातलेला फोटो पाहून जागीच थबकला.

"अरेरे! कधी गेली?"

* * *

आता पायलिंगचा किस्सा. शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट सुरू झालं. जमिनीत लोखंड ठोकायला लागले की आमचं चित्र थरथरायचं. मॅडम स्वतः साइटवर गेल्या. तिथल्या इंजिनिअरला म्हणाल्या, "रोज दुपारी अर्धा तास थांबाल का? आत फार नाजूक काम चाललंय."

"काय आहे आत?"

"एक दगड."

"मॅडम, आमच्याकडे ट्रकभर पडलेत. हवे तेवढे न्या!"

मॅडमनी त्याला हाताला धरून लॅबमध्ये आणलं आणि स्क्रीनवर कण दाखवला. ही पृथ्वी बनली तेव्हापासून हा असाच आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ठोकाठोकी बंद! नंतर कळलं, बिल्डरचा माणूस ओरडत आला होता की मशीन बंद का. त्यावर साइटच्या त्या इंजिनिअरने ठणकावलं होतं, "आत्ता मॅडमचा दगड चालू आहे."

* * *

मॅडमची आई अधूनमधून लॅबसाठी डबा पाठवायची. एकदा घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार आलं. खाऊन झाल्यावर नचिकेतने डबा स्वच्छ धुतला. क्लीन रूमची सवय, डबा नुसता चकाकत होता! मॅडमच्या हातात दिला आणि शाबासकीची वाट पाहत बसला.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. स्पीकरवर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"त्या पोरान रिकामो डबो धाडल्यान? त्येका सांग, रिकामा भांडा कोणाक परत देवचा नसता!"

तेव्हापासून नचिकेत डब्यात काहीतरी घालतोच. कधी केळं, कधी चॉकलेट. एकदा काहीच मिळालं नाही तेव्हा त्याने पाच रुपयांचं पेन घातलं. आई म्हणे अजून त्याच पेनाने वाणसामानाची यादी लिहिते.

* * *

इथपर्यंत हसण्यावारी चाललं होतं. मग कण संपायची वेळ आली. त्याचा शेवटचा तुकडा आम्लात विरघळवूनच मोजायचा होता. तशी परवानगी होती, मोजमापही झकास झालं, पण लॅब रिकामी झाली. आणि अनुदानाचा पहिला टप्पाही त्याच सुमारास संपत होता.

अनुदान देणारी समिती आली. अध्यक्षांनी तो ठरलेला प्रश्न टाकला, "या कणाचा कांजूरमार्गच्या सामान्य माणसाला उपयोग काय?"

मॅडम म्हणाल्या, "सर, त्यालाच विचारा ना. गेल्या ओपन डेला सहकुटुंब आला होता. जाताना विचारून गेला, 'परत कधी दाखवणार?'"

समिती हसली. अध्यक्षही हसले, पण अट घालूनच उठले. पुढचा टप्पा हवा असेल तर हातात नवा नमुना पाहिजे. नमुना नाही तर पैसे नाहीत, पैसे नाहीत तर लॅबला कुलूप. मॅडमची सगळी उमेदीची वर्षं त्या तळमजल्यात गेली होती. त्या दिवशी समितीला सोडून आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

नव्या कणासाठी आम्ही जपानकडे अर्ज केला. त्याच आठवड्यात जुन्या कणाची खास पेटी परत पाठवायची होती. कागदावर लिहिलं, 'रिकामी पेटी'. मॅडमनी स्वतः बंद केली, स्वतः सील लावलं.

काही दिवसांनी जपानमधल्या नमुन्यांच्या भांडाराच्या क्युरेटर आयाकोबाईंचा मेल आला. कडक बाई, आम्ही त्यांना व्हिडिओ कॉलवर कधी हसताना पाहिलं नव्हतं. 'पेटीत एक अनोळखी नमुना आढळला आहे. तीन पिशव्यांत सीलबंद, लेबलसह. कृपया खुलासा करावा.' सोबत फोटो.

फोटोत कोकणातल्या जत्रेतलं, गुळात घोळवलेलं मालवणी खाजं!

नचिकेत ओरडला, "आईशप्पथ, मी नाही!" मीही कानाला हात लावले. मग आम्ही दोघांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

"अरे, पेटी लावताना हात आपोआप आईने दिलेल्या खाज्याकडे गेला रे. रिकामं भांडं परत कसं पाठवायचं?"

सूटवरच्या एका केसासाठी आम्हाला सोलून काढणारी बाई! तिने लघुग्रहाच्या पेटीत खाजं घातलं, आणि तेही नमुन्याच्या नियमाने, तीन पिशव्यांत, लेबल लावून! मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण आमचा अर्ज आयाकोबाईंच्याच टेबलावर होता.

मॅडमनी एका ओळीचा खुलासा पाठवला, 'नमुना पृथ्वीवरचा आहे. खाण्यास योग्य.'

त्यावर उत्तर आलं नाही. रोज सकाळी नचिकेत मेल उघडायचा आणि मान हलवायचा. मॅडम खाज्याचं नावसुद्धा काढू देत नव्हत्या.

* * *

आणि मग निकाल आला. नाव न कळवता अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांनी लिहिलं होतं की पहिल्या कणाचं इतकं स्वच्छ मोजमाप दुसऱ्या कुठल्याच लॅबने दिलेलं नाही. आम्हाला दोन कण मंजूर! नचिकेत असा ओरडला की शेजारच्या साइटवरचं पायलिंग वेळेआधीच थांबलं. मॅडमनी पहिला फोन भांडुपला लावला. पलीकडून आईचा आवाज आला, "दोन? मगे दुप्पट नीट बघ!"

तीच जुनी पेटी परत आली. नियम असा की सील क्लीन रूममध्ये, कॅमेऱ्यासमोर, आयाकोबाई पाहत असताना तोडायचं. आम्ही तिघेही नखशिखांत पांढऱ्या सुटात. स्क्रीनवर आयाकोबाई, चेहरा नेहमीसारखाच. सील तुटलं. झाकण उघडलं.

फोमच्या खाचेत कणांची कुपी होती. शेजारी आणखी एक खाच, नवीनच कापलेली. तिच्यात एकात एक अशा तीन पारदर्शक पिशव्या, व्यवस्थित सीलबंद. आत संक्रांतीच्या हलव्यासारखे काटेरी, रंगीत साखरेचे दाणे. लेबलवर इंग्रजीत सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'नमुना पृथ्वीवरचा आहे. खाण्यास योग्य.'

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं. आयाकोबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या.

मॅडमही वाकल्या. मग त्यांनी कुपी जपून नचिकेतच्या हाती दिली आणि एकदम दाराकडे चालू लागल्या.

"मॅडम, कुठे चाललात? कण आत्ताच तर आलेत!"

"बाहेर," मॅडम म्हणाल्या. "आत चालत नाही."