कुटंय? कमांड नॉट फाउंड!

कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्या आमच्या ग्रुपचे किस्से सर्व्हरच्या लॉगसारखे, म्हणजे रोजच्या नोंदींसारखे आहेत. रोज थोडे थोडे साठतात, पुसायला कुणाला वेळ नसतो, आणि एक दिवस जागाच संपते! दर रविवारी सकाळी आरिफभाईंच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आम्ही तिघं जमतो. आरिफभाई, शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी मी, आणि नागेश.

यंदाचे बहुतेक किस्से नागेशच्या नोकरीचे. सहा महिने तो घरी होता. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही, तर मामाच्या टॉवेलच्या दुकानात काउंटरवर बसायचं, असं ठरलेलं. आम्ही हसायचो खरं, पण दिवाळीला किती दिवस उरले ते तिघंही मोजायचो.

*

पहिला घोळ बायोडाट्याचा. नागेशने तो लिनक्सवरच्या फुकटच्या ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये झकास सजवला. एका कंपनीच्या एचआरच्या मॅडमनी वर्डमध्ये उघडला आणि फोटो सरकला. लगेच फोन.

"तुमचं आडनाव दिसत नाहीये."

"माझ्या फोटोच्या मागं हाय, मॅडम. जरा सरकवा की!"

मॅडमनी फोन ठेवला.

*

मग आरिफभाईंनी सरावाचा इंटरव्ह्यू घेतला. "सर्व्हर बंद पडला, तर सगळ्यात आधी काय करणार?"

"घाम पुसणार."

"अरे, उसके बाद?"

"केबल निघालीय का बघणार."

"बस! इतकंच बोल. घामाचं घरी ठेव!"

*

आता माझा गुन्हा. लिनक्समध्ये कमांडला आपल्या पसंतीचं टोपणनाव देता येतं. एका रविवारी मी यादीच केली. आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते विचारायचं, तर 'पी डब्ल्यू डी'ऐवजी 'कुटंय'; मग मशीन ज्याच्या-त्याच्या 'होम'चं, म्हणजे घराच्या फोल्डरचं नाव दाखवायचं. आत काय काय आहे, तर 'दाव'. पलीकडचं मशीन चालू आहे का, तर 'हायका'. तिघांच्या मशीनवर ती घातली (घातल्याशिवाय दुसऱ्या मशीनला ती कळत नाहीत) आणि इतके हसलो की चहा कीबोर्डवर सांडला. नागेशच्या बोटांना मात्र तीच सवय लागली.

*

पुढच्याच महिन्यात त्याचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू. कंपनी पुण्याची, काम इथूनच, सोलापुरातून. साहेबांनी त्यांच्या सर्व्हरवर शिरायला सांगितलं आणि म्हणाले, "कुठल्या फोल्डरमध्ये आहात ते दाखवा."

नागेशने धाडकन टाइप केलं, 'कुटंय'. कमांड नॉट फाउंड! घाबरून 'दाव'. कमांड नॉट फाउंड!

"हे काय आहे?"

"सर... सोलापूरचं हाय."

साहेब "कळवतो" म्हणाले आणि कॉल बंद.

"ताई, सगळं येत होतं वो," नागेश मला फोनवर म्हणाला. "बोटांनी घात केला."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. यादी माझी होती.

*

आठ दिवस काहीच नाही. दिवाळी चार दिवसांवर आली. मामाने दुकानाची चावी पाठवली. रविवारी नागेश ती टेबलावर ठेवून बसला होता, तेवढ्यात मेल आला. त्याच सर्व्हरचं नवं लॉगिन, या वेळी नागेशच्या नावाचं, आणि खाली एकच ओळ: "आत जाऊन बघा."

"और एक टेस्ट होगी," आरिफभाई म्हणाले.

"खरी कमांड टाक हां! पी डब्ल्यू डी!" मी ओरडले.

"व्हय की, ताई." नागेशने लॉगिन केलं. पण बोटांनी करायचं तेच केलं. 'कुटंय', एंटर!

मी डोळे मिटून घेतले.

उघडले, तर 'कमांड नॉट फाउंड' नव्हतं; साहेबांनी आमचं 'कुटंय' त्यांच्या सर्व्हरवर घातलं होतं! आरिफभाईंनी स्क्रीनवरची ओळ सावकाश वाचली.

"स्लॅश होम, स्लॅश नागेश."